रक्त थांबलं, पण तपासणी राहिली: ‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

मूत्राशयाच्या गाठीवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंय, की मी लोकांना घाबरवून दुर्बिणीच्या टेबलावर झोपवतो. तुमच्या मेहुण्यांच्या लघवीतून दोनदा रक्त गेलं, सब्जा आणि वाळ्याचं पाणी दिल्यावर चार दिवसांत लघवी स्वच्छ झाली, सोनोग्राफीतही काही निघालं नाही. शिवाय तुमचं म्हणणं, की गाठीला हात लावला की कॅन्सर पसरतो, क्षयाची लस मूत्राशयात सोडणं ही लूट आहे, आणि काकांना काही त्रास नसताना किडनीला नळी घालायला सांगितलीय. तुमचा राग समजतो. त्यातला थोडा रास्तही आहे, त्याकडे येतोच.

आधी मेहुणे, कारण घाई तिथं आहे. लघवीला जळजळ झाली की आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो आणि धने-जिऱ्याच्या पाण्याने बरंही वाटतं. पण त्यांना जळजळ नव्हती, कळ नव्हती, ताप नव्हता, नुसतं लाल रक्त, असं तुम्हीच लिहिलंय. मला काळजी वाटते ती नेमकी याचीच. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून मूत्राशय आतून पाहिलं तर ओढ्यातल्या शेवाळासारख्या गुलाबी, बारीक झालरी पाण्यात हलताना दिसतात. त्यांच्यात नाजूक रक्तवाहिन्या असतात. एखादी तुटली की रक्त जातं, मग आपोआप थांबतं, आणि पुढे कित्येक आठवडे, महिनेही काही दिसत नाही. तेवढ्यात पोटात जे गेलेलं असेल त्याला श्रेय मिळतं. सब्ज्याला मिळतं तसं अँटिबायोटिकलाही मिळतं. लघवीची तपासणी न करता गोळ्या लिहून रुग्णाला वाटेला लावणारे आमच्यातही आहेत.

सोनोग्राफीवर विसंबू नका. मूत्राशय नीट भरलेलं नसेल तर छोटी गाठ निसटते, आणि भिंतीला सपाट चिकटलेली तर भरलेलं असूनही दिसत नाही. साठी ओलांडलेल्या माणसाच्या लघवीत डोळ्यांना दिसण्याइतकं रक्त आलं, की आतून पाहायलाच हवं.

‘मेहुणे निर्व्यसनी आहेत’ हेही वाचलं. या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत बोट विडी-सिगारेटकडे जातं, हे खरं. पण पुढच्याच ओळीत तुम्ही सांगता, की त्यांची उमेदीची वर्षं डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यात गेली. १८९५ साली फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जनने फुक्सिन रंग बनवणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी नोंदवल्या. बेन्झिडीनसारखी रसायनं श्वासातून, कातडीतून शरीरात शिरतात, किडनी ती लघवीत टाकते, आणि ती लघवी तासन्‌तास मूत्राशयात साठून राहते. गाठ दिसायला २०-३० वर्षंही लागतात, म्हणजे माणूस निवृत्त झालेला असतो आणि कारखान्याचा विषयच कुणी काढत नाही. त्यांना कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही. मात्र हा इतिहास डॉक्टरांच्या कानावर घाला.

गाठ खरवडल्यावर पेशी सुटतात का? सुटतात, आणि मूत्राशयातच दुसरीकडे चिकटू शकतात. म्हणूनच योग्य रुग्णात २४ तासांच्या आत मायटोमायसिनसारखं कॅन्सरविरोधी औषध एकदा आत सोडतात. पण गाठ तशीच ठेवली तर ती खाली मूत्राशयाच्या भिंतीतल्या स्नायूत उतरू शकते. निदानाच्या वेळी चारातल्या साधारण तीन गाठी स्नायूच्या वरच असतात; त्या लघवीच्याच वाटेने, बाहेर एकही टाका न घेता काढता येतात. स्नायूत उतरल्यावर गोष्ट केमोथेरपी आणि मूत्राशय काढण्यापर्यंत जाते, पोटावर लघवीची पिशवी येऊ शकते. काही निवडक रुग्णांत रेडिएशन देऊन मूत्राशय राखता येतं.

लसीबद्दल. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये कॅनडातून बीसीजीच्या, म्हणजे क्षयाच्या लसीच्या, या वापराचे पहिले निष्कर्ष मांडले. आठवड्याला एक असे सहा डोस, दर वेळी नळीने आत सोडून साधारण दोन तास लघवी धरून ठेवायची. मूत्राशयाच्या आवरणात प्रतिकारशक्ती जागी होते आणि ती गाठीच्या पेशींवर तुटून पडते. पुन्हा उगवण्याचा धोका जास्त असलेल्या गाठींसाठी आजही हाच मुख्य उपाय आहे. पुण्यात तयार होणारी बीसीजी त्यासाठी वापरली जाते. जळजळ, ताप हे त्रास होतात, ते आधी सांगायला हवेत.

आता काका. लघवी भरपूर होते म्हणून किडनी ठीक, हा हिशेब चुकतो. एक किडनी तुंबली तर दुसरी भागवून नेते; किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनीनसुद्धा नॉर्मल येऊ शकतं. हळूहळू तुंबणारी किडनी दुखेलच असं नाही, ती गुपचूप फुगते आणि पातळ होत जाते. पण कशामुळे तुंबलंय हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. खडा, मूत्रवाहिनीतली गाठ, बाहेरून दाबणारी गाठ, मोठं झालेलं प्रोस्टेट, यातलं नेमकं काय? ते विचारा. नळीने फक्त साठलेली लघवी वाट धरते, मूळ कारण तिथंच राहतं. त्या किडनीत जीव किती उरलाय हे रेनोग्राम या किडनीच्या स्कॅनने कळतं. फारसा उरलाच नसेल तर नळी कशासाठी, हा तुमचा प्रश्न अगदी बरोबर ठरेल. मात्र थंडी वाजून ताप आला तर वाद घालत बसू नका. तुंबलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झाला की त्याच दिवशी स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी) किंवा पाठीतून नळी घालून ती मोकळी करावी लागते, नाहीतर जीवावर बेततं.

तुमचा राग रास्त वाटतो तो इथं: स्टेंट आत आहे हे कित्येक रुग्णांना धड सांगितलेलंच नसतं. वर्ष-दोन वर्षांनी तो खड्यांनी लडबडलेला सापडतो आणि काढायला वेगळं ऑपरेशन लागतं. काकांना स्टेंट बसलाच तर डिस्चार्ज कार्डावर तो काढायची किंवा बदलायची तारीख लिहून घ्या. बहुतेक स्टेंट तीन ते सहा महिन्यांत काढावे किंवा बदलावे लागतात. ती तारीख काकांच्या नव्हे, तुमच्या मोबाइलमध्ये टाका.