वडगावची लढाई फक्त सेनापतींची नव्हे

मराठ्यांनी इंग्रजांना हरवलं त्याची आठवण म्हणून उभ्या असलेल्या वडगाव मावळच्या विजयस्तंभाविषयीच्या एका लेखात एक वाक्य खटकलं: ‘फलकावर तारीख आणि सेनानींची नावं असली की पुरे.’ नाही, पुरे नाही! जानेवारी १७७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून तळेगावपर्यंत आली, तेव्हा तिच्या हाती जळालेलं, ओस पडलेलं गाव लागलं. दाणा नाही, वैरण नाही. हजारो बैल घेऊन निघालेली ती फौज उपासमारीच्या भीतीनेच मागे वळली, जड तोफा तळ्यात टाकून रातोरात निघाली आणि वडगावात कोंडली गेली. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांचं कर्तृत्व आहेच, पण स्वतःचं भरलं घरदार सोडून गेलेल्या मावळच्या कुणब्यांचं काय? फलकावर त्यांच्यासाठी एक ओळ तरी हवी.

माझं माहेर तळेगावचं. परवा भाचरांना घेऊन स्तंभापाशी थांबले तर धाकटीने विचारलं, “मावशी, लोक जेवले काय मग?” या प्रश्नाचं उत्तर जिथे लढाई झाली तिथेच मिळायला हवं. आणि हो, कार्ल्याला लढताना पडलेल्या इंग्रज कॅप्टन स्टुअर्टला आपल्याच लोकांनी ‘इष्टुर फाकडा’, म्हणजे शूर स्टुअर्ट, म्हणून गौरवलं, त्याची समाधीही वडगावातच आहे. शत्रूच्या शौर्याची एवढी कदर करणाऱ्या गावात रयतेला एक ओळ द्यायला जागा नक्कीच आहे. स्थानिक इतिहासप्रेमींनी नगरपंचायतीकडे तसा मजकूर लिहून द्यावा, मी सही करायला तयार आहे.