टॅबमधला भाडेकरू

“कोडची एकच ओळ बदलायचीये, ब्राउझरमधूनच कर की” असं म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये. तो स्वतः लॅपटॉपवर सगळ्या कोडची प्रत रीतसर उतरवून, म्हणजे क्लोन करून, बसलेला असतो. आपण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, मांडीवर ऑफिसचं मशीन, त्यावर काही इन्स्टॉल करायची परवानगी नाही.

सुरुवात मात्र झकास होते. कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर आपली रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचं फोल्डर, उघडायची आणि कीबोर्डवरचा टिंब दाबायचा. २०२१ पासून ही सोय आहे, आणि व्हीएस कोड हा कोड लिहायचा अख्खा एडिटर टॅबमध्ये उघडतो. तोही फुकट. फुकट म्हटल्यावर पुणेकराला संशय येतो आणि इथे तो रास्तच आहे, कारण मागे मशीनच नाही. टर्मिनल नाही, डीबगर नाही. कोड लिहा, चालवायचा हट्ट धरू नका.

हट्टच असेल तर कोडस्पेस, म्हणजे गिटहबचं दूरवरचं मशीन, घ्यावं. फुकट वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० तास मिळतात. हे वाचून लगेच हुरळू नये. ते कोअर-तास आहेत, म्हणजे प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा तास वेगळा मोजतात, आणि सर्वांत लहान मशीन दोन कोअरचं, म्हणजे हातात उरले साठ. त्यात अर्धा तास हात लावला नाही की ते आपण होऊन बंद पडतं, पण तो अर्धा तास हिशेबात धरूनच. चहाला उठताना मशीन हाताने थांबवून जा.

खरा छळ कीबोर्डचा. ब्राउझर हा पेठेतला घरमालक आणि एडिटर त्याचा भाडेकरू. खोली तुमची, पण नळ कधी सोडायचा ते मालक ठरवणार. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल डब्ल्यूने उघडी फाइल बंद होते. इथे अख्खा टॅब मिटतो. विम हा जुना एडिटर वापरणाऱ्यांचे हाल तर विचारूच नका, त्यांच्या बोटांना खिडक्या बदलायला हीच की लागते. कंट्रोल एनने नवी फाइल नाही, नवी विंडो उघडते. फायरफॉक्समध्ये कंट्रोल शिफ्ट पी दाबलं तर कमांड पॅलेटऐवजी, म्हणजे एडिटरच्या आज्ञांच्या यादीऐवजी, खासगी विंडो येते, आणि शेजारच्या सीटवरचा माणूस उगाच आपल्याकडे बघतो. त्यावर उपाय एफ-वन.

टॅब मिटला म्हणून लगेच कपाळाला हात लावू नका. टिंब दाबून उघडलेल्या एडिटरमधले कमिट न केलेले, म्हणजे इतिहासात न नोंदवलेले, बदल ब्राउझरच्या साठवणीत राहतात, पुन्हा उघडलं की दिसतात. इन्कॉग्निटोत बसला असाल किंवा साइट डेटा साफ केला असेल, तर मात्र गेले.

आता कीबोर्डवरची टॅब ही की. मेक या प्रोग्रामला कामं सांगणाऱ्या मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ खऱ्या टॅबनेच सुरू व्हावी लागते. स्पेस पडल्या की ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून मेक थांबतं. सेटिंग्ज लिहायच्या यामल फाइलला नेमका टॅबचाच विटाळ. दोन्ही फायली एकाच फोल्डरमध्ये नांदतात, म्हणून गिटहबच्या पेन्सिलवाल्या साध्या एडिटरमध्ये वरच्या पट्टीत स्पेस निवडलंय का टॅब, हे आधी बघून घ्यावं. आणि व्हीएस कोडमध्ये चुकून कंट्रोल एम दाबलं गेलं, की टॅब दाबल्यावर कर्सर सरकत नाही, फोकस भलत्याच बटणावर उडी मारतो. माणूस कीबोर्ड उलटा करून झटकतो. खाली स्टेटस बारमध्ये ‘टॅब मूव्ज फोकस’ लिहिलेलं असतं, पण तिकडे बघतो कोण! पुन्हा कंट्रोल एम दाबा, सुटलात.

मराठी कीबोर्ड चालू राहिला तर आणखी मजा. कोडमध्ये नुसता देवनागरी ४ लिहिला की पायथन सिंटॅक्स एरर देतो. तोच ४ अवतरणात घालून इंट फंक्शनला द्या, निमूट चार मोजतो.

शेवटी कमिट. लॅपटॉपवर कमिट आणि पुश, म्हणजे ते गिटहबवर पाठवणं, यांच्यामध्ये थोडी उसंत असते, पश्चात्तापापुरती. इथे, कोडस्पेस सोडलं तर, दोन्ही एका क्लिकमध्ये. पेन्सिलवाल्या एडिटरमध्ये कमिट करताना दोन पर्याय येतात, थेट मेन ब्रांचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, किंवा नवी ब्रांच करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामील करण्याची विनंती. दुसरा घ्या, कितीही घाई असली तरी. संदेशाच्या रकान्यात ‘अपडेट’ आणि पुढे फाइलचं नाव आयतं सुचवलेलं असतं. ते तसंच सोडलं की स्वल्पविराम सुटला, टेस्ट लाल झाली, स्वल्पविराम घातला, कंस राहिला, अशा एका ओळीच्या कामाच्या सहा एकसारख्या नोंदी इतिहासात लागतात. पुढे कुठली ओळ कोणी बदलली ते शोधायला गिट ब्लेम चालवणारा त्या वाचतो, आणि फोन आपल्याला येतो.