गोष्ट सांगा, तात्पर्य विचारू नका

मुलांना येशूच्या आणि संतांच्या गोष्टी सांगाव्यात, त्यातून मन घडतं, हे मला मान्यच आहे. माझी तक्रार आहे ती सांगण्याच्या रीतीबद्दल. गोष्ट संपते न संपते तोच आपण विचारतो, "मग यातून काय शिकलात?" मुलंही पटाईत. "खोटं बोलू नये, टीचर!" एका सुरात. गोष्ट कुठलीही असो, उत्तर ठरलेलं. झाले संस्कार, उघडा डबे.

मी गोव्यात म्हापशाजवळच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात हिंदू मुलं जास्त, ख्रिस्ती मोजकी. यंदा चौथीला जक्कयाची गोष्ट सांगितली. यरीहोचा जकातदार, लोकांना नाडून गब्बर झालेला आणि अंगाने बुटका. येशूला बघायला ही गर्दी, याला काही दिसेना, तर चढला उंबरावर. एवढा मोठा साहेब झाडावर! वर्ग खूश. येशू नेमका त्याच्याच घरी उतरला. लोक कुजबुजले. तेव्हा जक्कय म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो.

मी तिथेच थांबले. मागच्या बाकावरच्या एकाने वहीत हिशेब मांडला. जक्कयाकडे लाख रुपये धरले, तर पन्नास हजार गरिबांना. उरलेल्या पन्नासात चौपटीने साडेबारा हजारांचीच लबाडी फिटते. "टीचर, त्याहून जास्त खाल्ले असतील तर घर विकावं लागणार!" मग जुंपली. जेवढे घेतले तेवढेच दिले तर का नाही चालत? नुसतं सॉरी पुरे, असं मात्र एकानेही म्हटलं नाही. फळ्यावरच्या सुविचाराने आजवर एवढं भांडण लावलेलं मी पाहिलं नाही.

येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीतही, पैसा उडवून घरी परतलेल्या धाकट्याला बाप मिठी मारतो, तिथेच आपण थांबतो. शेतावरून आलेला थोरला भाऊ आतलं गाणंबजावणं ऐकून रुसतो, उंबरठा ओलांडत नाही, बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो. तो आत गेला का? ही गोष्ट बायबलात लिहिणारा लूक ते सांगतच नाही. घरोघरी थोरली भावंडं आहेत, त्यांना विचारा ना.

"या गोष्टी दोतोर्नीत, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवू देत, मराठी शाळेत कशाला?" असं काही पालक म्हणतात. पोर्तुगीज अमलात इथे काय काय झालं ते मीही विसरलेले नाही. पण फादर थॉमस स्टीफन्स यांचं दहा हजारांवर ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातल्याच सासष्टीत, रायतूरला छापलं गेलं, ते मराठीतच. चारशे वर्षं या गोष्टी आपल्या भाषेत आहेत, मग परक्या कशा?

आणि यरीहोपर्यंत तरी कशाला जायचं? संत जुझे वाझ इथल्याच बाणावलीचे. १६८७ मध्ये मजुराच्या वेशात श्रीलंकेत उतरले, कारण डच तिथे कॅथलिक पाद्र्यांना थारा देत नव्हते. कँडीच्या राजाने पोर्तुगीजांचा हेर समजून तुरुंगात टाकलं. पुढे १६९७ मध्ये त्याच कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, आणि वाझ त्या आजाऱ्यांची सेवा करत राहिले, धर्म न बघता. २०१५ साली त्यांना संतपद मिळालं, हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. तुरुंगाचं आणि साथीचं मात्र एका ओळीत उरकतो.

१६ जानेवारीला त्यांचं फेस्त, म्हणजे सण, आहे. त्या दिवशी एक अख्खा तास द्या, गोष्ट साथीपर्यंत न्या, आणि प्रश्न मुलांना विचारू द्या.