बँक, बेंच आणि आपली पेढी

इंग्रजीचं कुठलंही गाइड उघडा, 'होमोनिम'च्या, म्हणजे रूप एक पण अर्थ वेगळे अशा शब्दांच्या धड्यात एक उदाहरण ठरलेलं असतं: बँक. एक अर्थ पैसे ठेवायची जागा, दुसरा नदीचा काठ. खाली चौकटीत टीप, 'या दोन अर्थांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.' मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. मी इंग्रजी शिकवते आणि ही टीप मला मनापासून खटकते. कारण संबंध आहे, आणि तो चांगला हजार वर्षांपेक्षा जुना आहे.

इंग्रजी, जर्मन ज्या कुळातल्या, त्या जुन्या जर्मनिक भाषांमध्ये एक शब्द होता. अर्थ साधारण असा, की जमिनीचा उंचवटा, ज्यावर बसताही येईल. आपल्याकडे घरापुढे मातीचा ओटा घालायचे ना, तसं काहीसं. नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या लोकांच्या तोंडी तो बांध, चढ या अर्थाने राहिला आणि ते इंग्लंडात वस्तीला आल्यावर त्यांच्या बोलीतून इंग्रजीत शिरला. ही नदीकाठची बँक. बातम्यांत 'वेस्ट बँक' ऐकतो ती जॉर्डन नदीच्या पश्चिम काठाची. विमान वळताना एका अंगाला कलतं, त्यालाही बँक म्हणतात, तेही या उतारावरूनच. आणि इंग्रजांच्या स्वतःच्या जुन्या भाषेत त्याच मुळापासून बसायच्या फळीला जो शब्द होता, त्याचा झाला बेंच.

पैशाची बँक मात्र इटली फिरून आली. मध्ययुगात तिथे प्रत्येक शहराचं नाणं वेगळं, त्यामुळे नाणी बदलून देणाऱ्या सराफांचा धंदा जोरात. फ्लॉरेन्सच्या बाजारात ते लाकडी बाकड्यावर हिरवं कापड अंथरून बसत, जवळ नाण्यांची थैली आणि हिशेबाची वही. त्या बाकड्याला म्हणत 'बांको'. हा शब्दही तिकडे जर्मनिक लोकांकडूनच गेलेला. पुढे धंदा बाजारातून वाड्यात गेला, १३९७ मध्ये मेदिची घराण्याने आपली बँक काढली, पण नाव बाकड्याचंच राहिलं. धंदा बुडाला की 'बांका रोत्ता', म्हणजे मोडलेलं बाकडं. त्यावरून बँकरप्ट. छोट्या बाकड्यावरून बँक्वेट, म्हणजे मेजवानी. बाजारात बाकड्यावर चढून औषधं विकणारा भोंदू, त्यावरून इंग्रजीतला माउंटबँक.

जर्मन भाषेत तर आजही 'बांक' म्हणजे बसायचा बाकही आणि पैशाची बँकही. फक्त अनेकवचन वेगळं करतात: बाक असतील तर 'बेंके', बँका असतील तर 'बांकेन'.

आता आपल्या घरात या. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्या भाषेबरोबर 'बांको' आपल्या किनाऱ्यावर आला. शाळेतला बाक तो हाच. म्हणजे वर्गातला बाक आणि चौकातली बँक सख्खी भावंडं! (म्हातारपणी पाठीला येतो तो बाक मात्र निराळा, तो 'वक्र'च्या घराण्यातला.)

आणि मला सगळ्यात जास्त आनंद ज्याचा होतो ते पुढेच आहे. बँक यायच्या आधी आपण काय म्हणत होतो? पेढी. सराफाची पेढी, सावकाराची पेढी. पेढी म्हणजे मुळात दुकानदाराची उंच बैठक, संस्कृत 'पीठ'वरून आलेली. इटलीचं ऐकून कोणी हे केलं नाही, आपल्या बाजारातही सराफ उंच बैठकीवर बसत होता म्हणून झालं. त्याच पीठाचं 'खंडपीठ' झालं. उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, इंग्रजीत नागपूर बेंच. तिकडे एका मुळापासून बँक आणि बेंच, इकडे एका मुळापासून पेढी आणि खंडपीठ. हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं की आठवीतली मुलंसुद्धा डोळे मोठे करून बघतात.

कोशात बँकच्या नोंदी वेगवेगळ्या असतात हे मला मान्य आहे, कारण शब्द वेगवेगळ्या वाटांनी इंग्रजीत आले. पण वाटा वेगळ्या म्हणून घराणं वेगळं होत नाही. 'काहीही संबंध नाही' हे वाक्य मुलाची उत्सुकता तिथेच मारतं. मराठी माध्यमाच्या मुलांना तर इंग्रजी म्हणजे घोकायची भाषा असंच वाटत राहतं. त्यांना सांगा की १९३७ मध्ये शिकागोच्या डॉ. बर्नार्ड फँटस यांनी रक्त साठवायच्या सोयीला 'ब्लड बँक' नाव दिलं, आणि मुलं स्वतःच विचारतात की मग बँकेत ठेवायची गोष्ट पैसाच का असावी. वेळ पुरत नाही, अभ्यासक्रम संपत नाही, ही तक्रार मीही रोज ऐकते. पाच मिनिटं लागतात याला.

होमोनिमचं चोख उदाहरणच हवं असेल तर 'मिंट' द्या. पुदिन्याचा मिंट ग्रीक 'मिंथे'वरून आला. टांकसाळीचा मिंट लॅटिन 'मोनेता'वरून, रोममध्ये जुनो मोनेता देवीच्या देवळापाशी नाणी पाडत त्यावरून. 'मनी' हा शब्दही तिथलाच.