हक्कसोड म्हणे!

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांब होईल.

मायची तेरवी होऊन महिनाही झाला नाही. वारस नोंदीचा अर्ज द्यायला गेलो, तर नात्यातल्या एका मोठ्या माणसानं तिथंच सल्ला दिला, "पोरींची हक्कसोड घेऊन टाक लवकर. जावई शिकवतीन त्याहिले." म्हणजे बहिणींनी वावरातला हिस्सा सोडला अशी सही. तेरवीला हाच माणूस "माउली होती रे, माउली" म्हणत डोळे पुसत होता.

मग ऐका माउलीचं.

दारव्ह्याकडचं आमचं काळं वावर. एका वर्षी मृगाचा पाऊस बरोबर पडला, पेरणीजोगा वाफसा आला आणि बाबा तापानं फणफणले. सालदार ठेवायची ऐपत नव्हती. मायनं काष्टा खोवला, बैल जुंपले आणि स्वतः पेरणीची तिफण धरली. एका हातात कासरा, दुसऱ्या हातानं बी सोडायच्या चाड्यात ज्वारीची मूठ. धुऱ्यावरून एक म्हातारा ओरडला, "बाईच्या जातीनं तिफण धरावं काय वं?" माय म्हणाली, "मंग तुम्ही या धराले. नाही ना? सरा बाजूले, वाफसा चालला." त्या हंगामाची ज्वारी घरात आल्यावर त्याच म्हाताऱ्यानं दोन पायल्या उसन्या नेल्या. परत केल्या की नाही ते माय गेली तरी सांगून गेली नाही.

पुढं कापसाचे दिवस आले. पहिल्या वेचणीला सीतादहीची पूजा करायची, दहीभात वावरात ठेवायची आणि पदराची ओटी बांधून वेचायला लागायची. सुकलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात. संध्याकाळी भाकरी थापताना त्या चिरांत पीठ बसायचं. ती बोटं तोंडात धरून फुंकर मारायची आणि पुढची भाकर घ्यायची. १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारलाच द्यायचा; त्याचा चुकारा, म्हणजे पैसे, बाबांच्या नावावर निघायचा. सोसायटीचं कर्ज बाबांच्या नावावर. सातबारावर मायचं नाव लागलं ते बाबा गेल्यावर, वारस म्हणून. स्वतःच पेरलेल्या वावरात!

आणि त्या तिफणीच्या दिवसाचं अजून एक राहिलंच. तिफणीमागं तुरीचं बी सोडायचं सरतं कोणी धरलं होतं? ताईनं. सातवीत होती. मी धाकटीला घेऊन निंबाखाली बसलो होतो, आणि दादा तर मामाच्या गावी. पुढच्या वर्षी ताईची शाळा सुटली, निंदणाला हात कमी पडत होते म्हणून. मी कॉलेजला यवतमाळला गेलो, तो तिनं निंदलेल्या कापसाच्या पऱ्हाटीवर. आता तिनं हक्क सोडायचा? कोणासाठी? निंबाखाली बसणाऱ्यासाठी?

"लग्नात दिलं ना त्याहिले." काय दिलं? भांडी, एक गादी आणि सोसायटीचं कर्ज, तेही मायनंच फेडलं.

हो, मान्य आहे, चार हिस्से झाले की एकेकाच्या वाट्याला अडीच एकर येतं आणि त्यात कोणाचंच भागत नाही. पण मग दोन हिस्से केले तरी कुठं बंगले उभे राहणार आहेत?

कायदा काही आज आलेला नाही. आईच्या मागं मुलगा-मुलगी सारखेच वारस, हे १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित जमिनीतही मुलींना मुलांइतका हक्क १९९४ ला आपल्या राज्यानं आणि २००५ ला देशानं दिला. गावाला हे सगळं पाठ आहे. म्हणूनच तर घाई असते सहीची, रडं थांबायच्या आत.

जाऊ द्या. मायला अशी चिडचिड आवडत नव्हती. "आधी जेव, मंग भांड," म्हणायची. जेवलोय.

अर्जात चौघांची नावं टाकली आहेत. नोटीस लागेल, कोणाला हरकत घ्यायची असेल तर त्यानं लेखी द्यावी. आणि ताई, हे वाचून रडत फोन करू नको. मृग तोंडावर आलाय. यंदा कपाशीच्या किती ओळींमागं तुरीची ओळ घ्यायची तेवढं सांग, दादा माझं ऐकत नाही.