मूल्यशिक्षण प्रमुखांसाठी काही व्यवहार्य सूचना

जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल्यशिक्षणाची जबाबदारी आपल्याकडे आली असल्यास प्रथम अभिनंदन. ती आपण मागून घेतलेली नाही, हे आम्ही गृहीत धरतो. पोषण आहाराचा हिशेब, यू-डायस या सरकारी पोर्टलवर भरायची शाळेची माहिती आणि एकाच खोलीत बसणारे दोन वर्ग यांतून उरलेल्या वेळात आपल्याला चारित्र्य घडवायचे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात, आणि यांपैकी एखादे काम बहुतेक वर्षी निघतेच. तरी चिंता नसावी. चारित्र्य घडवायला वेळ लागत असेल, पण ते घडल्याचे दाखवायला फारसा लागत नाही.

सुरुवात भिंतीपासून करावी. संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा ही राज्याने मूल्यशिक्षणासाठी ठरवलेली दहा मूल्ये दर्शनी भागावर ऑइलपेंटने रंगवून घ्यावीत. यादी लक्षपूर्वक वाचणाऱ्याला तिच्यात एक मोठा दिलासा सापडतो, तो म्हणजे प्रामाणिकपणा तिच्यात नाही. यादी करणाऱ्यांनी तो बहुधा गृहीत धरला असावा. कारण काहीही असो, आपले पुढचे काम त्यामुळे पुष्कळ सोपे झाले आहे.

उपक्रम नोंदवही वर्षअखेरीस एका बैठकीत लिहिली तरी चालते, मात्र निळे आणि काळे पेन आलटून पालटून वापरावे व मधूनच एखाद्या पानावर चहाचा डाग पडू द्यावा. रविवार आणि दिवाळीची सुट्टी तेवढी आठवणीने वगळावी, कारण सुट्टीच्या दिवशी ‘श्रमदान : ४२ विद्यार्थी’ अशी नोंद सापडल्याने यापूर्वी अनेक चांगल्या वह्या अडचणीत आल्या आहेत. फोटोचे भान उपक्रमाच्या आधीपासून असावे. झाडू हातात देण्यापूर्वी तारीख आणि ठिकाण छापणारे अ‍ॅप चालू आहे ना, हे पाहून घ्यावे. फोटो निघाल्यावर झाडू परत घेण्यास हरकत नाही.

परिपाठात प्रतिज्ञा होईल आणि ‘प्रत्येकाशी सौजन्याने वागेन’ हे वाक्य सर्व मुले एका सुरात म्हणतील. ती म्हणताना ओळ वाकडी होऊ नये म्हणून छडी लागते, आणि शिक्षण हक्क कायद्याचेच कलम १७ शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई करते. अशा वेळी छडी वर्गनायकाच्या हाती द्यावी. कायदा मोडल्यासारखे दिसत नाही आणि नेतृत्वगुणांचा विकास म्हणून वहीत वेगळी नोंदही करता येते. बोधकथेसाठी प्रामाणिक लाकूडतोड्याची गोष्ट उत्तम. खरे बोलणाऱ्याला सोन्याची आणि चांदीची कुऱ्हाड मिळते, हे मुलांना ठाऊक असावे. ती नेमकी कोणत्या कार्यालयातून मिळते, असे कोणी विचारल्यास घंटा द्यावी.

येथे एका धोक्याची सूचना देणे आवश्यक वाटते. आपल्याच केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, एखादी अशी शिक्षिका असते, जी भांडण झाले की दोन्ही मुलांना गोलात बसवून दोघांचे पूर्ण ऐकून घेते, खिचडीनंतरची ताटे मुलग्यांकडूनही घासून घेते, आणि स्वतःला उशीर झाला तर वर्गापुढे उभी राहून मुलांची माफी मागते. तिच्या वर्गातली मुले पट्टी परत करतात, हे आम्हीही ऐकून आहोत. परंतु तिची नोंदवही पाहा. तीत महिनोन्‌महिने एक ओळ नाही, कारण मुलाची माफी मागणे कोणत्या रकान्यात भरावे, हे कोणत्याच परिपत्रकात दिलेले नाही. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी आपला प्रस्ताव आपणच सादर करायचा असतो, पुराव्यांची फाईल जोडायची असते, आणि तिच्याजवळ फाईलच नाही. तिचे अनुकरण करण्याचा मोह टाळावा.

खरी कसोटी ३ जानेवारीला लागते. सावित्रीबाई फुले जयंती बालिका दिन म्हणून साजरी होते आणि शाळा तपासणारे विस्तार अधिकारी साहेब नेमके त्याच दिवशी भेट द्यायचे ठरवतात. सातवीच्या मुलींना नऊवारी नेसवून सावित्रीबाई करावे, त्यांच्याकडूनच सकाळी अंगण झाडून घ्यावे, रांगोळी काढून घ्यावी आणि पाहुण्यांचे औक्षण करवून घ्यावे. मुलांनी खुर्च्या मांडाव्यात आणि भाषणे करावीत. स्त्री-पुरुष समानतेवरील भाषण चौथीच्या सर्वांत खणखणीत आवाजाच्या मुलाकडून पाठ करून घेतल्यास अधिक परिणाम होतो.

भाषणानंतर साहेब मुलांत मिसळतात आणि पहिल्या रांगेतल्या एखाद्याला विचारतात, ‘काय रे, परिपाठ रोज असाच होतो का?’ पहिल्या रांगेत कोणाला बसवायचे, हा निर्णय म्हणूनच मुख्याध्यापकांवर सोडू नये. लाकूडतोड्याची गोष्ट मनापासून ऐकलेला एखादा मुलगा उभा राहील आणि सांगेल, ‘नाही साहेब, तुम्ही येणार म्हणून आज केला.’ त्याच्यावर रागावू नये आणि खुलासाही देऊ नये. साहेबांना त्याच दिवशी आणखी दोन शाळा करायच्या असतात, त्यांच्या तक्त्यातही या उत्तरासाठी रकाना नसतो, आणि शेरेबहीत ‘मूल्यशिक्षणाचे काम समाधानकारक’ असे लिहून ते सही करतात. सही होताच चहा पुढे यावा. तो आणणारी मुलगी अजून सावित्रीबाईंच्या वेशात असेल, तर ट्रे जरा खाली धरायला सांगावे, म्हणजे फोटोत नऊवारी नीट दिसते.