पीडीएफ उघडेना म्हणून एपीके टाकू नका

‘सातबारा, आधार किंवा पीक विम्याची पावती डाउनलोड केली आणि क्रोममध्ये उघडली नाही, तर मोबाईलमध्ये व्हायरस आहे. खालची पीडीएफ ओपनर एपीके टाका, प्ले प्रोटेक्ट बंद करा. तरी नाही जमलं तर फाइलच्या नावाशेवटी जेपीजी करा, क्रोमचा सगळा डेटा पुसा. पासवर्ड मागितला तर फाइल लॉक झाली, पैसे देऊन सोडवून घ्या. पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर कागद बनावट.’

पेरणीच्या तोंडावर हा मेसेज यवतमाळ-वाशीमकडच्या शेतकरी ग्रुपांवर फिरतोय. काल घरातल्याच वडीलधाऱ्यांनी तो पुढे पाठवून विचारलं, ‘करून पाहू का?’ नाही! यातलं जवळपास काहीच करायचं नाही.

सगळ्यात घातक आहे ती एपीके. पीडीएफ हा नुसता कागद आहे, एपीके हे अख्खं अ‍ॅप. कागद वाचायला अ‍ॅप हवंच असेल तर प्ले स्टोअरवरून घ्या. बहुतेक फोनांत गूगल ड्राइव्ह आधीच असतं आणि त्यात पीडीएफ उघडते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली एपीके टाकताना फोन ‘अनोळखी अ‍ॅप’ म्हणून अडवतो, तो उगाच नाही. प्ले प्रोटेक्ट म्हणजे घातक अ‍ॅप पकडणारी गूगलची सोय, ती बंद करू नका. अशी अ‍ॅप आधी एसएमएस वाचायची परवानगी मागतात, मग अ‍ॅक्सेसिबिलिटीची. पहिली दिली की बँकेचा ओटीपी परस्पर त्यांच्याकडे जातो. दुसरी दिली की स्क्रीनवर काय चाललंय ते त्यांना दिसतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. पीएम किसानच्या आणि आरटीओ चलनाच्या नावाने याच पद्धतीने लोकांची खाती रिकामी झाली आहेत. फाइलचं नाव शेवटपर्यंत वाचा: ‘सातबारा.पीडीएफ.एपीके’ असेल तर ती एपीकेच.

टाकून बसला असाल तर आधी डेटा आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. मग ते अ‍ॅप काढा. ‘अनइन्स्टॉल’ दाबता येत नसेल तर सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ शोधून त्याची खूण काढा आणि पुन्हा प्रयत्न करा.

आता पासवर्ड. ई-आधार लॉक होत नाही, ते मुळातच पासवर्डसह येतं. आधार देणाऱ्या यूआयडीएआयने नियम स्वतः लिहून ठेवलाय: आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. त्यांचंच उदाहरण घ्या. सुरेश कुमार, जन्म १९९०, तर एस-यू-आर-ई आणि १९९०. साई कुमार असेल तर मधली जागा सोडून एस-ए-आय-के. माणसं अडकतात ती इथे: मोबाईलचा कीबोर्ड पहिलंच अक्षर कॅपिटल करतो, बाकीची लहान राहतात, किंवा शब्दानंतर स्पेस घुसते. काहींच्या आधारवर आडनाव आधी असतं, तेव्हा आडनावाचीच अक्षरं चालतात. आकडे मराठी कीबोर्डवरून टाकू नका. यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

नाव बदलून जेपीजी केलं की फाइल चित्र होत नाही. आतला मजकूर तोच राहतो, फक्त फोनला ती कशात उघडायची ते कळेनासं होतं. फाइल खरंच पीडीएफ आहे का, हे लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये उघडून बघा. पहिल्याच ओळीत टक्क्याचं चिन्ह आणि त्याला लागून पीडीएफ ही इंग्रजी अक्षरं हवीत. तिथे कोनी कंसात एचटीएमएल दिसलं, तर तुमच्याकडे उतारा आलाच नाही, पोर्टलचं लॉगिनचं किंवा चुकीचं पान पीडीएफ नावाने उतरलं. सेशन, म्हणजे लॉगिनची वेळ, संपल्यावर डाउनलोड दाबलं की असंच होतं. पुन्हा लॉगिन करा आणि लगेच उतरवा. शून्य केबीची किंवा ‘सीआरडाउनलोड’ शेपूट असलेली फाइल म्हणजे डाउनलोड अर्धवट. गावात रेंज तुटली की हे नेहमीचंच, त्यात व्हायरसचा काय संबंध? आणि काहीच उतरत नसेल तर पॉप-अप, म्हणजे पोर्टल उघडू पाहतं ती नवी खिडकी, अडलाय का ते बघा. लॅपटॉपवर पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे खूण येते, तिथून फक्त त्या पोर्टलला परवानगी द्या.

डेटा पुसण्यात थोडं तथ्य आहे, हे मान्य करावं लागेल. जुन्या कुकीमुळे, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदीमुळे, पोर्टल अडतं खरं. पण त्यासाठी इनकॉग्निटो टॅब पुरतो, किंवा त्या एका साइटच्या कुकी पुसा. क्रोमचं सगळं स्टोरेज पुसलं की उघडे टॅब आणि सगळीकडचं लॉगिन जातं.

राहिलं पिवळं प्रश्नचिन्ह. डिजिटल सही तपासायला ज्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा, ते तुमच्या संगणकाला माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कागद बनावट ठरत नाही. क्रोम ही सही तपासतच नाही. लॅपटॉपवर अ‍ॅडोबी रीडरमध्ये फाइल उघडा, खुणेवर उजवं क्लिक करून ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’ आणि मग ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’ घ्या. प्रमाणपत्र कुणाचं आहे ते वाचा, बरोबर असेल तरच ‘ट्रस्ट’मध्ये जाऊन ते विश्वासू यादीत घाला आणि सही पुन्हा तपासा. खूण हिरवी होते. १५ रुपये भरून घेतलेल्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची खात्री याहून सोपी आहे: उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक महाभूमीच्या, म्हणजे राज्याच्या भूमी अभिलेखाच्या, पोर्टलवर टाका.